आरएक्स १००ची सुपरमोटो करायची आहे, सुरुवात कुठून करू?

प्रश्न : माझ्या मामांनी पुण्यात असताना त्यांची १९९१ची यामाहा आरएक्स १०० मातीच्या शर्यतींसाठी बदलून घेतली होती. हँडल रुंद आहे, पुढचं मडगार्ड वर चढवलेलं, मागचं कापलेलं, सायलेंसर वरच्या अंगानं काढलेला आणि दोन्ही टायर मोठ्या गोट्यांचे. बरीच वर्षं ती आमच्या गोठ्याशेजारच्या खोलीत झाकून होती. आता मामांनी ती मला दिली आहे. मोबाइलवर सुपरमोटोचे व्हिडिओ बघून मला त्याचं वेड लागलंय. डांबरावर गाडी आडवी घसरवत वळवतात आणि पुढच्याच वळणाला मातीत घुसतात. आमची आरएक्स तशी होईल का? काय काय बदलावं लागेल? आणि ती हदगाव–तामसा रस्त्यावर चालवता येईल का?
— एक वाचक, हदगाव, जि. नांदेड

उत्तर : होईल, आणि छान होईल. पण तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचं सगळं त्यावर ठरतं. तामसा रस्त्यावर नाही, वारंगा फाट्यापर्यंत नाही आणि गावातल्या गावात दळण आणायलाही नाही. अशी बदललेली गाडी फक्त बंदिस्त जागेत चालवायची. का, ते पुढं सांगतो. ही सरावाची गाडी होणार हे एकदा मनाशी पक्कं केलंत की काम बरंच सोपं होतं. दिवे, इंडिकेटर, आरसे यांचा विचार उरत नाही आणि हातातला पैसा चाकं, ब्रेक आणि शॉकपवर लावता येतो.

माझं दुसरं म्हणणंही आधीच सांगून टाकतो. या कामात इंजिनाची ताकद वाढवायला जाऊ नका. आणि जे काही कराल ते पाना घेऊन उलट मार्गानं परत फिरवता येईल असं करा. चेसिसला करवत नाही, वेल्डिंगही नाही. मामांच्या काळात शर्यतवाल्यांना आरएक्स कापताना काही वाटत नव्हतं, कारण गाड्या मुबलक होत्या. एस्कॉर्ट्सनं ती १९८५ ते १९९६ या काळात बनवली, त्यालाही आता तीस वर्षं झाली. आज कापलेली प्रत्येक आरएक्स ही कायमची कमी झालेली आरएक्स आहे.

सुपरमोटोचा इतिहास थोडा माहीत असलेला बरा, कारण तुमची कल्पना त्या खेळाच्या मुळाशीच जाते. १९७९ साली अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीच्या ‘वाइड वर्ल्ड ऑफ स्पोर्ट्स’ या कार्यक्रमासाठी गॅव्हिन ट्रिप यांनी कॅलिफोर्नियातल्या कार्ल्सबाडला ‘सुपरबायकर्स’ नावाची शर्यत भरवली. डांबरी ट्रॅकचे रायडर, मातीच्या गोल ट्रॅकचे रायडर आणि मोटोक्रॉसवाले यांच्यात सरस कोण, हे ठरवायचं होतं. म्हणून एकाच ट्रॅकमध्ये थोडं डांबर, थोडी माती आणि थोड्या उड्या ठेवल्या. पहिली शर्यत मोटोक्रॉसच्या केंट हाउर्टन यांनी जिंकली. १९८५नंतर अमेरिकेत हा प्रकार थंडावला, पण फ्रान्समध्ये त्यानं मूळ धरलं आणि २००२पासून त्याचं जागतिक अजिंक्यपद सुरू झालं. त्या सुरुवातीच्या वर्षांत मोटोक्रॉसची मोठी इंजिनं टू-स्ट्रोकच असत. तेव्हा जुन्या टू-स्ट्रोक मातीच्या गाडीला डांबराचे टायर चढवणं ही नंतर कुणी काढलेली हौस नाही, खेळ सुरूच तसा झाला.

आता तुमच्या गाडीकडे येऊ. जन्मजात मोटोक्रॉस गाडी वेगळीच असते. यामाहाची वायझेड १२५ घ्या : पुढं २१ इंची चाक, मागं १९ इंची, शॉकपची हालचाल सुमारे ३०० मिलिमीटर, वजन नव्वद किलोच्या आसपास आणि ताकद तिशीपार अश्वशक्तीची. आरएक्स ही मुळात रस्त्याची गाडी. दोन्ही चाकं १८ इंची, इंजिन ९८ सीसी, बोअर आणि स्ट्रोक दोन्ही ५० मिलिमीटर, ७५०० फेऱ्यांना ११ अश्वशक्ती, चार गिअर, वजन शंभर किलोच्या थोडं वर. आकड्यांत ती वायझेडसमोर टिकत नाही. पण सुपरमोटो करताना एका बाबतीत तुम्ही वायझेडवाल्यापेक्षा सुखी आहात, आणि ती बाब चाकांची आहे.

सुपरमोटोला दोन्ही चाकं १७ इंची लागतात, कारण डांबराला घट्ट धरणारे रुंद टायर त्या मापात मिळतात. वायझेडला २१ इंची चाकाच्या जागी १७ इंची बसवलं की पुढचा एक्सल साधारण ४५ मिलिमीटर खाली येतो, मागचा जेमतेम २५. गाडी नाकावर झुकते, पुढच्या चाकाचा ट्रेल वीस-पंचवीस मिलिमीटरनं कमी होतो आणि वेगात हँडल थरथरू लागतं. ते सावरायला शॉकप खाली-वर करा, शॉकप धरणारी टी बदला, असे उद्योग मागं लागतात. आरएक्समध्ये यातलं काही होत नाही. मूळच्या २.७५-१८ टायरचा बाहेरचा व्यास ६०० मिलिमीटरच्या आसपास आहे. १७ इंची रिमवर १००/८० टायर चढवला तर व्यास ५९२ येतो. पुढं ९०/९०-१७ बसवलात तर ५९४. म्हणजे गाडीची बसण, उंची, चेनचा कोन, सगळं जवळपास होतं तसंच राहतं. दोन्ही मापं आजच्या चालू गाड्यांची आहेत, नांदेडच्या कुठल्याही टायरच्या दुकानात मिळतील. मागं ११०च्या वर जायचा मोह आवरा. आरएक्सचा मागचं चाक धरणारा चिमटा अरुंद आहे, टायर चेनला घासतो, आणि ११ अश्वशक्तीला रुंद टायर ओढायला लावून हाती काही लागत नाही.

रिम १७ इंची झाली की जुने स्पोक चालत नाहीत. व्यास एक इंचानं कमी झाला म्हणजे हबपासून रिमपर्यंतचं अंतर साधारण १२-१३ मिलिमीटरनं घटलं, तेवढे आखूड स्पोक मापानं बनवून घ्यावे लागतात. जुनेच स्पोक कापून नवीन आटे पाडून देतो असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. मूळचे आटे दाबून काढलेले असतात, कापून पाडलेले आटे तिथंच कमजोर होतात आणि उडीनंतर तिथंच तुटतात. चाक विणणारा जुना माणूस शोधा. चाक स्टँडवर फिरवत, रिमच्या कडेला खडू टेकवून तो आउट काढतो. खडूची खूण जिथं उमटली तिथं रिम बाहेर आलेली असते, मग त्या बाजूचे स्पोक ढिले आणि समोरच्या बाजूचे घट्ट, एका वेळी पाव फेरा. डावं-उजवं जुळलं की वर-खाली बघायचं. यात घाई चालत नाही. नवं विणलेलं चाक पहिल्या सरावानंतर परत ताणावं लागतं, हे कायम लक्षात ठेवा.

पण चाकांना हात लावायच्या आधी चेसिस तपासा. मातीत उड्या मारलेल्या गाडीवर माझा आंधळा विश्वास नाही आणि तुमचाही नसावा. हँडलचा कोनसेट जिथं बसतो ती मान, चिमट्याचा पिव्होट, मागच्या शॉकपची वरची टोकं आणि मडगार्ड कापलं त्या जागा : इथला रंग तारेच्या ब्रशनं उतरवा. धातू स्वच्छ पुसा, त्यावर पातळ डिझेल लावून पाऊण तास तसंच राहू द्या. मग कोरड्या फडक्यानं चकचकीत पुसून वर खडूची पूड पाण्यात कालवून पातळ हात मारा आणि वाळू द्या. तडा असेल तर आत मुरलेलं डिझेल वर येऊन पांढऱ्या खडूवर केसासारखी काळपट रेघ उमटवतं. मानेपाशी अशी रेघ दिसली तर ती चेसिस भिंतीला टेकवून ठेवा, तिच्यावर बसू नका. मामांनी गाडी उंच व्हावी म्हणून पुढच्या शॉकपमध्ये जादा तुकडे घातलेले असण्याची बरीच शक्यता आहे, तेही काढून टाका. डांबरावर उंची नको असते.

ब्रेकबद्दल मी कुठलीही तडजोड सांगणार नाही. आरएक्सचा पुढचा ड्रम मातीत पुरतो, कारण मातीत पकडच कमी असते, चाक लवकर बांधलं जातं. डांबरावर गरम झालेला टायर चिकटून बसतो आणि सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो. वेग दुप्पट झाला की ब्रेकनं जिरवायची ऊर्जा चौपट होते. चार वळणांनंतर ड्रम तापतो आणि लिव्हर दाबूनही गाडी पुढं सरकत राहते. म्हणून पुढं डिस्क. ती बसवताना एका गाडीचा हब, दुसरीचा शॉकप, तिसरीचा एक्सल अशी जुळवाजुळव करू नका. १२५ ते १५० सीसीच्या एखाद्या चालू गाडीचा पूर्ण पुढचा भाग एकत्र घ्या : शॉकप, दोन्ही टी, एक्सल, हब, २४० मिलिमीटरच्या आसपासची डिस्क, कॅलिपर आणि मास्टर सिलिंडर. लेथवाल्याकडून फक्त हँडलची दांडी आणि बेअरिंगची मापं आरएक्सच्या मानेला जुळवून घ्यायची. मान कापायची नाही, दांडी बदलायची. असं केलं की मूळचा पुढचा भाग जसाच्या तसा जपून ठेवता येतो. शॉकपमध्ये ऑइल एक दर्जा घट्ट भरा, पुढची हालचाल थोडी आवळली की ब्रेक मारताना गाडी नाक टेकवत नाही. मागं ड्रमच राहू द्या.

इंजिन. इथं तुमचे मित्र तुम्हाला सांगतील, १३५चा ब्लॉक बसव, पोर्ट घास, मोठा कार्बोरेटर लाव. ऐकू नका. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या प्रत्येक फेरीला स्फोट होतो, झडपा, कॅमशाफ्ट असला पसारा नसतो, त्यामुळं इंजिन हलकं आणि चपळ. शर्यतीचा फुगीर सायलेंसर धुराच्या लाटा परत सिलिंडरकडे ढकलून बाहेर निसटणारा ताजा माल आत दाबतो, पण तो ठरावीक फेऱ्यांनाच नीट काम करतो. तो बसवला की खालची ताकद जाते, सगळं वर जमा होतं. अरुंद वळणांच्या छोट्या ट्रॅकवर तुम्हाला हवी ती मधली ओढ, जी आरएक्समध्ये मूळचीच आहे. फारच वाटलं तर पुढचं स्प्रॉकेट एका दातानं लहान करा. १४चं असेल तर १३, ओढ जवळपास आठ टक्क्यांनी वाढते. दोनशे-तीनशे रुपयांत होणारा हा बदल अर्ध्या तासात परतही फिरवता येतो.

तुमच्या इंजिनाला जपायचं कारण वेगळंच आहे. बरीच वर्षं पडून असलेल्या टू-स्ट्रोकचे क्रँकचे ऑइलसील कडक होतात. चार-स्ट्रोकमध्ये सील गेलं तर ऑइल गळतं, डोळ्याला दिसतं. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण क्रँककेसमधूनच वर जातं, त्यामुळं सील गेलं की तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि जाम होतो. किक मारून आवाज ऐकायचा मोह होईल. आधी दोन्ही सील बदला, कार्बोरेटर उघडून धुवा, टाकीतला गंज काढा, मग किक मारा.

पेट्रोल मामांच्या काळातलं राहिलं नाही आणि हवाही ऋतूप्रमाणे बदलते, हेही बघा. आज पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून त्याच हवेला साध्या पेट्रोलपेक्षा सात-आठ टक्के जास्त इंधन लागतं. जुनाच मेन जेट ठेवला तर मिश्रण पातळ चालतं. दुसरीकडे आपल्याकडचा उन्हाळा. मे महिन्यातली ४२ अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा आठ-नऊ टक्के विरळ असते, म्हणजे तीच गाडी उन्हाळ्यात जाड मिश्रण पिते आणि थंडीत पातळ. मे महिन्याच्या दुपारी जुळवलेला जेट डिसेंबरच्या सकाळी पिस्टन घेऊन बसतो. म्हणून जेट ज्या ऋतूत चालवायचं त्याच ऋतूत जुळवा, आणि सुरुवात मूळ मापापेक्षा एक-दोन नंबर मोठ्या जेटपासून करा.

तपासायची रीत अशी. नवा प्लग लावा, इंजिन नीट गरम करा, सरळ पट्ट्यावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल काही क्षण धरा आणि त्याच स्थितीत एकदम क्लच ओढून चावी बंद करा. गाडी लोळत थांबू द्या, पुन्हा चालू करू नका. प्लग काढा आणि पांढऱ्या चिनीमातीच्या मुळाशी, अगदी आत, बघा. दुधाळ कॉफीचा रंग असेल तर जेट बरोबर. पांढरट, राखेसारखा किंवा बारीक चकाकते कण चिकटलेले दिसले तर मिश्रण पातळ, लगेच मोठा जेट लावा. ओला काळा असेल तर जाड. पातळपेक्षा जाड कधीही परवडलं. डांबरावर पकड जास्त असल्यानं इंजिनावर मातीपेक्षा सलग जास्त भार येतो, म्हणून मातीत बरोबर असलेला जेट डांबरावर थोडा पातळ पडतो, हेही हिशोबात धरा.

आणि धूळ. हदगावकडच्या काळ्या मातीची उन्हाळ्यातली धूळ पिठासारखी बारीक असते. टू-स्ट्रोकमध्ये फिल्टरमधून सुटलेला कण आधी क्रँकच्या बेअरिंगवर जातो, मग पिस्टनवर. फोमचा फिल्टर ऑइलमध्ये भिजवून पिळून लावा आणि प्रत्येक सरावानंतर धुवा. पावसाळ्यात तीच माती चाक आणि मडगार्डमध्ये गोळे होऊन चाक थांबवते. तेव्हा मातीचा पट्टा करायचा तो मुरुमाचाच करा.

जागेचा प्रश्न मला तुमच्या भागात सुटण्यासारखा वाटतो. कापसाचा हंगाम संपल्यावर जिनिंगची आवारं महिनोन्महिने रिकामी असतात. काँक्रीटचं पटांगण, त्याला लागून मुरुमाची मोकळी जागा, भोवती कुंपण. एकही बोंड शिल्लक नाही याची खात्री करून मालकाची लेखी परवानगी घ्या, जुन्या टायरांनी वळणं आखा, अग्निशामक नळकांडं आणि एक जबाबदार माणूस सोबत ठेवा. पूर्ण चेहऱ्याचं हेल्मेट, घोट्यापर्यंतचे बूट, हातमोजे, गुडघ्याचे पॅड याशिवाय किक मारायची नाही. वळणात शिरताना एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे : टू-स्ट्रोक थ्रॉटल सोडल्यावर फारशी आवळत नाही, त्यामुळं चार-स्ट्रोकसारखं मागचं चाक टकटक उड्या मारत नाही. मागचा ब्रेक हळुवार धरून शेपूट बाहेर काढायला शिकणं त्यामुळं सोपं जातं. आधी मुरुमावर शिका, काँक्रीटवर नंतर.

आता कायदा. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२नुसार आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९मध्ये केरळच्या एका प्रकरणात हे ठामपणे सांगितलं. कलम १८२-अ प्रमाणे अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनी बोट दाखवणार ते याच बदलांकडे. मामांची आरसी १९९१ची, तिची पंधरा वर्षं २००६मध्ये संपली. त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं आणि त्यासाठी नांदेडच्या आरटीओपुढं गाडी मूळ रूपात उभी करावी लागते. माझा सल्ला : आधी गाडी मूळ रूपात आणा, आरसीचं नूतनीकरण करा, नाव तुमच्यावर करून घ्या, नवी नंबरप्लेट बसवा. मग १७ इंची चाकं आणि डिस्कचा पुढचा भाग हा वेगळा संच म्हणून तयार ठेवा. सरावाला जाताना गाडी छोट्या हत्तीत घालून न्या, तिथं संच चढवा.

एवढा खटाटोप का, तर २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षं पूर्ण झालेली आणि मूळ रूपात जपलेली दुचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, तिला ‘व्हीए’ अक्षरांचा खास नंबर मिळतो. तुमची गाडी २०४१मध्ये पन्नाशीची होईल. कापलेल्या चेसिसला तो मान नाही. मागचं मडगार्ड, मूळ सायलेंसर, १८ इंची चाकं आतापासून शोधा, ग्रीस लावून कापडात गुंडाळून ठेवा.

प्रश्न : माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. त्याला आरएक्स हवी आहे आणि तो शर्यतीत उतरायचं म्हणतो. काय करू?
— एक पालक, लातूर

उत्तर : रस्त्यावर देऊ नका. सोळाव्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचा परवाना मिळतो. त्यापुढची गाडी अल्पवयीन मुलाच्या हाती दिली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ प्रमाणे पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण त्याची शर्यतीची इच्छा दाबू नका, ती योग्य जागी न्या. आपल्याकडे स्पर्धांचं नियमन एफएमएससीआय ही संस्था करते, तिचा स्पर्धक परवाना लागतो. जानेवारी २०२४मध्ये पुण्याच्या बालेवाडी क्रीडा संकुलात सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी झाली, तिथं मातीचा खेळ काय असतो ते बघायला मिळालं. कोल्हापूरला मोहिते रेसिंग अकॅडमीचा कार्टिंग ट्रॅक आहे. एकदा त्याला घेऊन जा. बंद ट्रॅकवर घड्याळाशी स्पर्धा करण्याची गोडी लागलेली मुलं रस्त्यावर कमी धावतात, असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : टू-स्ट्रोक गाड्या एवढ्या चांगल्या होत्या तर बंद का केल्या?
— एक वाचक, उमरखेड, जि. यवतमाळ

उत्तर : धुरामुळं. टू-स्ट्रोकमध्ये ताजं मिश्रण आत येण्याचा आणि जळका वायू बाहेर जाण्याचा मार्ग थोडा वेळ एकाच वेळी उघडा असतो, त्यामुळं न जळलेल्या पेट्रोलचा बराच भाग थेट सायलेंसरमधून निघून जातो. त्यात पेट्रोलसोबत ऑइलही जळतं. १९९६ आणि २०००चे उत्सर्जनाचे नियम आले तेव्हा स्वस्त, साध्या टू-स्ट्रोकला ते पेलणं कठीण झालं आणि मायलेजमध्ये चार-स्ट्रोक पुढं गेल्या. आवडत्या गाडीबद्दल हे लिहिताना जड जातं, पण शहरांच्या हवेसाठी तो निर्णय योग्यच होता.

प्रश्न : शर्यतीसाठी बदललेल्या आरएक्सचा ऑइलपंप काढून टाकलेला आहे. पेट्रोलमध्ये ऑइल किती मिसळू?
— एक वाचक, मुखेड, जि. नांदेड

उत्तर : आरएक्सचा मूळ पंप थ्रॉटलप्रमाणे ऑइल कमी-जास्त सोडतो, म्हणून मिळाला तर परत बसवा, तो उत्तम आहे. नसेल तर सरावासाठी एका लिटरला ३५ ते ४० मिलिलिटर चांगलं टू-टी ऑइल, मापाच्या भांड्यानं मोजून, वेगळ्या कॅनमध्ये हलवून मग टाकीत. ऑइल वाढवलं की पेट्रोलचा वाटा तेवढा घटतो, मिश्रण पातळ होतं, तेव्हा ‘असू दे चार थेंब जास्त’ म्हणून ओतू नका. इथेनॉलचं पेट्रोल ओल धरतं, पाणी जास्त झालं तर ते तळाशी वेगळं बसतं, म्हणून मिसळलेलं पेट्रोल आठवड्याच्या वर ठेवू नका. सराव संपला की नळ बंद करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवा आणि टाकी रिकामी करा.